लागू पडलं, पण कुठे?

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात पहिल्या मजल्यावर आत्या राहते. तिच्या उशाशी बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा असतो आणि त्यात बिस्किटं सोडून सगळं असतं: रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, अमृतांजन, रिक्षासाठी सुटी नाणी आणि संधिवातावरची लेफ्लुनोमाइड. या शेवटच्या गोळीला ती 'बोटांची गोळी' म्हणते. ती सुरू झाल्यापासून आत्याला पुन्हा पोळ्या लाटता येतात, त्यामुळे त्या गोळीला घरात मान आहे.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. आमच्या मगरी देशभर टीव्हीवर झळकल्या. पाणी ओसरलं, मगरी नदीत परतल्या आणि मागे राहिले डास. सप्टेंबर सरता सरता आत्याला ताप भरला, डोळ्यांच्या मागे ठणकायला लागलं, आणि रक्ताच्या तपासणीत 'एनएस-१ पॉझिटिव्ह' आलं. डेंग्यू. डॉक्टरांनी बोटांची गोळी तूर्त बंद केली. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, रोज रक्त तपासा, एवढंच सांगितलं.

"म्हणजे डेंग्यूवर औषध नाहीच?" आत्याने मला विचारलं.

"थेट त्या विषाणूवरचं असं अजून नाही."

"मग तू त्या लॅबमध्ये अडीच वर्षं काय करत होतास?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो.

शेजारच्या बेन रोज सकाळी पपईच्या पानांचा हिरवागार रस वाटीतून आणत आणि आत्या नाक दाबून तो पीत असे. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा बेन दारातूनच म्हणाल्या, "जोयुं? लागू पड्यो ने!" डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी काळजी घ्यायची असते, हे मी त्यांना सांगत बसलो नाही. आत्या मात्र उशीला टेकून विचार करत होती. बेन गेल्यावर म्हणाली, "लागू पडलं, लागू पडलं म्हणतात सगळे. पण पडतं ते नक्की कुठे रे?"

रस कुठे लागू पडतो ते मला सांगता येणार नाही. पण आत्याचा प्रश्न मी माझ्या गाइडच्या तोंडून इंग्रजीत शंभरदा ऐकला होता, आणि तिने विचारला तितका नेमका मला तेव्हाही वाटला नव्हता. आपल्या भाषेने या सगळ्या भानगडीसाठी एकच क्रियापद राखून ठेवलंय. रोगाची लागण होते. औषध लागू पडतं. आणि मार बसला की लागतं. प्रयोगशाळेत ज्याला 'टार्गेट' म्हणतात त्याला मी मनात वर्म म्हणतो. औषधाचा रेणू शरीरात हजारो प्रथिनांना घासून जातो. ज्याच्यावर तो जाऊन बसल्यामुळे फरक पडतो, ते वर्म. औषध लागू पडतंय हे डोळ्यांना दिसतं. वर्म दिसत नाही, ते शोधावं लागतं.

एम. एस. युनिव्हर्सिटीतून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केल्यावर मी एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होतो. काम साधं आणि कंटाळवाणं. ९६ खाचांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, प्रत्येक खाचेत एक नवं संयुग टाकायचं, वर विषाणू सोडायचा आणि कुठली खाच वाचते ते बघायचं. जे बचावेल त्याची मोठ्या थाळीत परीक्षा. पेशींची तळाशी सतरंजी पसरते आणि विषाणू तिला भोकं पाडतो. ती भोकं मोजायची. एका शनिवारी सी-७ या खाचेतल्या संयुगाच्या थाळीत एकही भोक नव्हतं. मी दोनदा मोजलं. शून्य दोनदा कशाला मोजायचं, पण मोजलं. त्या रात्री मी लॅबमधल्या सगळ्यांना सेव-उसळ खिलवली.

सोमवारी गाइड म्हणाले, "भोकं मोजलीस. आता पेशी मोज."

मोजल्या. औषध न टाकलेल्या थाळीत पेशी दुपटीच्या पुढे गेल्या होत्या. सी-७ मध्ये शुक्रवारी जितक्या होत्या तितक्याच. मेल्या नव्हत्या, पण वाढतही नव्हत्या. म्हणजे विषाणूला आम्ही मारलं नव्हतं. यजमानाचीच चूल विझवली होती आणि पाहुणा उपाशी राहिला होता. सी-७ नेमकी कुठली चूल विझवतं हे शोधायला ना पैसे होते ना माणसं. ते फ्रीझरमध्ये गेलं. वर्षभराने मीही तिथून बाहेर पडलो.

हे असं वारंवार का होतं, ते विषाणूच्या संसाराकडे बघितलं की कळतं. डेंग्यूचा विषाणू म्हणजे जेमतेम ११,००० अक्षरांची आरएनएची चिठ्ठी, आणि तिच्यातून घडणारी दहा प्रथिनं. आत्याच्या रिपोर्टातलं एनएस-१ हे त्या दहांपैकीच एक. एवढ्या भांड्यांवर कुणाचा संसार चालत नाही. बाकी सगळं तो आपल्या पेशीकडून उसनं घेतो, आणि आपल्याकडे प्रथिनांची जनुकंच साधारण २०,००० आहेत. तेव्हा औषध एक तर त्याच्या दहा भांड्यांपैकी एखाद्यावर बसेल, नाही तर आपल्या घरातल्या उसन्या वस्तूवर. त्याच्या भांड्यावर बसलं तर आपल्याला त्रास कमी, पण विषाणू चटकन रूप बदलून निसटतो. आपल्या वस्तूवर बसलं तर त्याला पळवाट कमी, आणि तीच वस्तू उसनी नेणारे इतर विषाणूही अडतात. पण वस्तू आपली असते. लागतं आपल्यालाच.

कधी कधी नशीब साथ देतं. एचआयव्ही पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. काही माणसं जन्मतःच त्या प्रथिनाशिवाय असतात आणि त्यांचं फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे त्याच्यावर बसणारं माराविरॉक हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर होऊ शकलं. इतकी निरुपद्रवी वर्मं थोडी.

आणि वर्म माहीत नसताना औषध वापरण्याची सवय तर आपल्याला जुनीच आहे. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं. ते शरीरात काय थांबवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. थॅलिडोमाइडची गोष्ट जास्त कडू आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर ती गोळी घेतलेल्या बायकांची हजारो मुलं हातापायांतलं व्यंग घेऊन जन्मली, १९६१ मध्ये ती बाजारातून काढून घेणं सुरू झालं, आणि ती पेशीत सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला धरते हे जपानी शास्त्रज्ञांना सापडायला २०१० उजाडलं. त्यांनी ते शब्दशः गळ टाकून काढलं: औषध बारीक मण्यांना चिकटवायचं, पेशींच्या काल्यात मणी बुडवायचे आणि बाहेर काढताना सोबत काय अडकून येतं ते बघायचं. दुसरा मार्ग तापवण्याचा. प्रत्येक प्रथिन ठरावीक तापमानाला दुधासारखं नासतं. औषध बिलगलेलं असेल तर सहसा थोडं जास्त तग धरतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मंडळींनी २०१३ मध्ये ही युक्ती अख्ख्या पेशींवर करून दाखवली. दोन्ही युक्त्या मला आवडतात. पण माझा जीव जडला तो तिसरीवर, कारण ती मला आमच्या वाड्याच्या चालीने समजली.

आमच्या वाड्यात लहानपणी चौदा बिऱ्हाडं होती आणि प्रत्येकाकडे एकेका गोष्टीची कायम ओढाताण. कुणाची पाण्याची टाकी एवढीशी, कुणाचं रॉकेल महिन्याच्या वीस तारखेला संपणारं, कुणाच्या पिठाच्या डब्याला सदा खडखडाट. शहरात काही बिनसलं की नक्की काय बिनसलंय हे वर्तमानपत्राच्या आधी आम्हाला कळायचं. ते पहिली बोंब कोणत्या दारातून उठते त्यावरून. टाकीवाल्या काकू आधी ओरडल्या तर पाणी तुटलंय. रॉकेलवाले काका आधी खाली उतरले तर रेशनच्या दुकानात गडबड आहे. ज्याच्याकडे एखादी गोष्ट आधीच कमी, तिचा तुटवडा त्यालाच आधी जाणवणार.

पेशींशी हेच करतात. लाखो पेशी घ्यायच्या आणि प्रत्येकीत एकेकच जनुक मंदावून ठेवायचं, म्हणजे हिची टाकी लहान, तिचं रॉकेल कमी. कुठल्या पेशीत काय कमी केलंय याची खूण तिच्या डीएनएतच लिहून ठेवायची. मग सगळ्यांवर ते गूढ औषध बेताने सोडायचं आणि काही दिवसांनी हजेरी घ्यायची. कोणत्या खुणेच्या पेशी सगळ्यात आधी गळाल्या? त्यांच्यात जे आधीच कमी होतं, औषधाने बहुधा त्यालाच हात घातला.

जनुक मंदावण्याचे दोन प्रकार आहेत. आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी त्याचा आवाज कमी करता येतो, नाही तर क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने ते पुरतं तोडता येतं. नव्या हत्याराचं कौतुक असतं, म्हणून मला वाटायचं की क्रिस्पर आल्यावर जुन्याची गरज संपली. तसं नाही. वाड्यात ज्याच्याकडे पाण्याची टाकीच नाही तो पहिल्याच उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवतो. त्याची बोंब ऐकायला तो शिल्लकच नसतो. जगायला आवश्यक असलेलं जनुक पुरतं तोडलं तर पेशी औषधाची वाट न बघताच मरते आणि हजेरीपटात तिचं काही कळत नाही. अशा वर्माला अर्धवट टाकीच हवी. उलट ज्या जनुकांवाचून पेशीचं निभतं, त्यांचे आडवळणाचे धागेदोरे क्रिस्परने जास्त स्वच्छ दिसतात.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीकडे जीएसके-९८३ नावाचा एक रेणू होता. अनेक जातींच्या विषाणूंना तो रोखायचा. पण पेशींनाही जाचायचा आणि का ते कळत नव्हतं. माझा सी-७ च जणू, फक्त श्रीमंत घरातला. स्टॅनफर्डमधल्या चैतन खोसला आणि मायकल बॅसिक यांच्या प्रयोगशाळांनी त्याच्यावर या दोन्ही प्रकारच्या हजेऱ्या समांतर घेतल्या आणि २०१६ मध्ये उत्तर छापलं. वर्म होतं डीएचओडीएच. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यावर बसलेलं हे एन्झाइम पिरिमिडीन बनवण्याच्या साखळीतली चौथी पायरी सांभाळतं. पिरिमिडीन म्हणजे डीएनए आणि आरएनए लिहायला लागणाऱ्या अक्षरांपैकी निम्मी. ती आटली की डेंग्यूला आपली ११,००० अक्षरांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा उतरवता येत नाही, आणि पेशीला स्वतःच्या डीएनएची नक्कल करून दुप्पट होता येत नाही. एकाच घावात दोघं.

मी हा पेपर वाचला तेव्हा त्या एन्झाइमचं नाव ओळखीचं वाटलं, आणि मी उठून आत्याचा डबा उघडला. लेफ्लुनोमाइड. १९९८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झालेली ही गोळी पोटात गेल्यावर ज्या रूपात काम करते, ते रूप याच डीएचओडीएचवर बसतं. सांध्यांवर चालून जाणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशींना भराभर वाढायला पिरिमिडीन लागतं, ते तुटलं की त्या थंडावतात. विषाणूचं वर्म आणि आत्याच्या बोटांचं वर्म एकच. इतकी वर्षं ते माझ्या घरात उशाशी होतं.

पण त्या पेपरातला खरा आनंदाचा भाग पुढे आहे आणि तो सांगायला पुन्हा वाड्यातच यावं लागेल.

आमच्याकडे पाणी तीन प्रकारचं. पहिलं नळाचं, सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावाचं. रोज ठरल्या वेळेला येणारं आणि गोड. दुसरं अंगणातल्या विहिरीचं, ओढायला कष्टाचं पण अडीनडीला धावणारं. तिसरं नंतर मारलेल्या बोअरचं, मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, पण धुणं, भांडी, फरशी सगळं निघतं. नळ बंद झाला आणि घरात बोअर असली तर काय होतं? स्वयंपाकापुरत्या विहिरीच्या दोन कळश्या पुरतात, बाकी बोअरवर भागतं. मात्र त्या दिवशी वरच्या मजल्यावर दोनशे पानांची पंगत घालायची म्हणाल, तर नाही जमणार.

डीएचओडीएच म्हणजे नळाचा मेन कॉक. पेशीला विहीरही आहे: बाहेरून मिळणारं किंवा मोडक्या आरएनएतून सुटलेलं पिरिमिडीन ती पुन्हा वापरते. स्टॅनफर्डच्या मंडळींनी औषधासोबत पेशींना डीऑक्सिसायटिडीन दिलं, आणि ते निघालं अगदी आमच्या बोअरचं पाणी. त्याच्यापासून पेशीला डीएनएची अक्षरं करता येतात, आरएनएची नाहीत; ती वाट एकाच दिशेची आहे. पेशीची दुप्पट होण्याची सोय झाली. स्वतःच्या आरएनएचं ती विहिरीवर कसंबसं भागवते. डेंग्यूची चिठ्ठी मात्र आरएनएची, म्हणजे त्याला डाळच शिजवायची होती, तीही पंगतीची. औषधाचा पेशींना होणारा जाच पुष्कळ कमी झाला आणि विषाणू होता तसाच अडलेला राहिला.

वर्म कळल्याशिवाय ही युक्ती कुणाला सुचली नसती. मला सगळ्यात जास्त टोचली ती याहून साधी गोष्ट. विषाणूंना रोखणारी म्हणून सापडलेली कितीतरी संयुगं तपासल्यावर याच एन्झाइमवर बसणारी निघाली आहेत. त्याची पहिली परीक्षा अगदी सोपी असते: थाळीत युरिडीन हे तयार पिरिमिडीन टाकायचं, म्हणजे विहीर भरून द्यायची. विषाणू पुन्हा उधळला, तर औषध पिरिमिडीनच तोडत होतं. सी-७ च्या थाळीत मी युरिडीन टाकलं असतं तर काय दिसलं असतं? एका दुपारचं काम. युरिडीनची बाटली त्याच फ्रीझरमध्ये, एक कप्पा खाली होती.

बाटलीतली पेशी वेगळी आणि घरातलं माणूस वेगळं, हे मात्र विहिरीनेच शिकवलं. सिंगापूरला नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत डेंग्यूविरुद्ध असाच डीएचओडीएचवर बसणारा एक रेणू तयार झाला होता. थाळीत जोरदार. २०११ मध्ये त्यांनी कळवलं की उंदरांमध्ये मात्र त्याचा उपयोग झाला नाही. शक्यता त्यांनी हीच मांडली की जिवंत शरीरात बाहेरून, अगदी खाण्यातूनही, पिरिमिडीन मिळत राहतं. नळ कितीही घट्ट बंद करा, विहीर तुडुंब असेल तर पंगत उठतेच. तेव्हा त्याच वर्मावरची गोळी रोज घेणाऱ्या आत्याला डेंग्यू झाला, याचं मला नवल वाटलं नाही. एका आत्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण चिडवायला बरं. "तुझी बोटांची गोळी कागदोपत्री डेंग्यूच्या विरोधात आहे," मी तिला म्हटलं. "कागदोपत्री तर नळालाही चोवीस तास पाणी आहे," ती म्हणाली.

तिला या विषयाचा माझ्यापेक्षा जुना अनुभव आहे. २०२० च्या उन्हाळ्यात ती संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत होती. करोनावर तेच लागू पडतं अशी आवई उठली आणि रावपुऱ्यातल्या एकाही दुकानात तिला तिची गोळी मिळेना. ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांच्या कपाटात चार-चार पट्ट्या. थाळीत तो विषाणू खरोखर थांबला होता, पण त्या थाळीत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी होत्या. त्या पेशींत विषाणू ज्या वाटेने शिरतो ती वाट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अडवतं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत त्याला दुसरा दरवाजा आहे आणि तिथे हे औषध काहीच करत नाही. पुढे २०२१ मध्ये असंही दिसलं की करोनाविरुद्ध पुढे केलेली अशी पुष्कळ जुनी औषधं एकाच वर्मावर बसत नव्हतीच. ती पेशीत चरबी साठवून तिचा आतला कारभार बिघडवत होती आणि थाळीत त्यालाच यश समजलं जात होतं. माझ्या शून्य भोकांच्या शनिवारचाच प्रकार, जगभर. आत्याची बोटं त्या दोन महिन्यांत पुन्हा वाकडी झाली आणि डॉक्टरांनी औषध बदललं. बोटांची गोळी डब्यात आली ती तेव्हा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या प्लेटलेट्स वर आल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. त्याच दिवशी महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्या बघायला वाड्यात आला. कूलर, कुंड्या, पिंप, सगळ्यांत त्याने बॅटरी मारली. विहिरीपाशी थांबून विचारलं, "आमां पाणी छे?" आत्याने वरूनच सांगितलं की आहे, आणि गप्पी मासेही आहेत. त्याने भिंतीवर खडूने तारीख टाकली आणि गेला.

"ते तुझं डेंग्यूवरचं औषध," आत्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "नाव काय म्हणालास त्याचं?"

"नाव नाही गं. नंबर आहे. नऊशे त्र्याऐंशी."

"म्हणजे अजून बारसं झालेलं नाही," ती म्हणाली, आणि नळाची वेळ झाली म्हणून मला कळशी घेऊन खाली पाठवलं.